हेमराजआबांची शिफारस

फैजपूर,
गुरुवार, दुपार

तीर्थरूप जीवराममामा यांस,

भूपेंद्रचा साष्टांग नमस्कार. रत्नामामींनाही तितकाच, फक्त त्यांना नमस्कार सांगताना हे पत्र हातात धरू नका, खिशात ठेवूनच सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी पाचकंदीलपासून घरापर्यंत पायी जाऊन तुम्ही तो बरा झाल्याचं सिद्ध केलंत आणि मग चार दिवस पलंगावर होतात, असं आई सांगत होती. इकडे सगळे मजेत आहेत. आईची पाठ थंडीत दुखते आणि ऊन वर आलं की ती विसरून जाते. नानांची तब्येत उत्तम आहे (आवाजावरून तर फारच उत्तम). बागेत केळीची कापणी चालू आहे, आणि यंदा वांगी अशी आली आहेत की सोबतच्या पिशवीतली चार भाजलीत तर तुमच्या दोघांचं दोन वेळचं भरीत होईल.

फोन असताना भाच्यानं पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटलं असेल. मामा, आमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत आहे, आणि नानांचा स्पीकर शेजारच्या बागेत फवारणी करणाऱ्यालाही ऐकू जातो. तुमचं व्हॉट्सअॅप मामी आधी वाचतात आणि आवडलं तर आईला पाठवतात. राहिलं पत्र. निंबादादा उद्या पिकअप घेऊन धुळ्याला येतोय, त्याच्याबरोबर ही वांग्यांची पिशवी येईल आणि पिशवीच्या तळाशी हे पाकीट. नाना चांगली वांगी निवडून वर मांडतात, तळाशी हात घालत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. तेव्हा काळजी नसावी.

आता मूळ गोष्ट. मी बंगळुरूच्या एका बिझनेस स्कूलला अर्ज केला होता. (नानांना माहीत नाही. आईला अर्धं माहीत आहे, म्हणजे मी कसलातरी फॉर्म भरलाय एवढं. तिला तो रेशनकार्डाचा वाटतो.) तुम्हाला ठाऊकच आहे, मी जळगावला एमआयडीसीत ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. नळीला ठरलेल्या अंतरावर भोकं पडली आहेत की नाही हे पाहणं, हे माझं काम. भोक असलं तर मी समाधानी आणि नसलं तर कळवायचं. वीस महिने झाले. काम वाईट नाही, माणसं चांगली आहेत, कॅन्टीनची उसळसुद्धा बरी असते. पण मामा, आठवडाभर भोकं मोजून शनिवारी घरी आलो की माझा जीव बागेतच जास्त रमतो हे मला पहिल्या वर्षातच कळलं होतं.

मागच्या दोन कापण्यांची गोष्ट तुम्हाला आईनं तिच्या पद्धतीनं सांगितली असेल. माझ्या पद्धतीनं ती अशी. घड कापून बांधावर आणताना आणि ट्रकात रचताना केळीला मुका मार बसतो. दोन दिवसांनी तिथे काळा डाग उमटतो, आणि वर्षभर जपलेला माल बघता बघता दुय्यम ठरतो. मी नानांना म्हटलं, शेतातच फण्या वेगळ्या करू, धुऊ, आणि क्रेटमध्ये भरून पाठवू. नाना म्हणाले, "केयीले पाळण्यात घालून नेतं का रे?" (गावात महिनाभर मला पाळणेवाला म्हणत होते.) तरी पाच शेतकऱ्यांना पटवलं, त्यात आपले हेमराजआबा पहिले. दोन हंगाम दर शनिवार-रविवार मी त्याच कामात होतो. डाग कमी झाले, मालाला लांबची बाजारपेठ मिळाली, आणि पाळणेवाला हे नाव हळूहळू बंद झालं. नानांनी क्रेटबद्दल चांगलं काही म्हटलं नाही, पण गेल्या महिन्यात एका माणसाला क्रेट आपटताना पाहून त्याच्यावर असे ओरडले की मला सगळं मिळाल्यासारखं वाटलं.

म्हणून ठरवलं की हे काम नीट शिकायचं आणि त्यासाठी क्षेत्र बदलायचं. त्या संस्थेत अशी सोय आहे की दोन वर्षं नोकरी पुरी व्हायच्या आतही लवकर अर्ज करता येतो. आणि अर्जात पहिलाच प्रश्न, आपण क्षेत्र का बदलू इच्छिता? मी आठ दिवस त्या प्रश्नासमोर बसून होतो. ज्याची कारकीर्द अजून नीट सुरूच झाली नाही त्यानं ती बदलायची कशी? ज्या सायकलवर अजून बसलोच नाही तिच्यावरून उतरल्याचं कारण सांगायचं होतं. शेवटी नाशिकच्या एका सल्लागाराला गाठलं. ते मोबाइलच्या पडद्यावरच भेटतात आणि सतत पाणी पितात. ते म्हणाले, बदल मोठा दिसला पाहिजे, पण अचानक वाटता कामा नये. आणि तुमच्या आयुष्यात कलाटणी देणारा एखादा क्षण हवा. मी खूप आठवून पाहिलं, क्षण सापडला नाही. तेव्हा त्यांनीच सुचवलं, वादळात बाग आडवी झाली आणि त्या पडलेल्या बागेत उभं राहून मी निश्चय केला, असं लिहा. मी लिहिलंही, आणि वाचून माझेच डोळे भरून आले. मग आठवलं की त्या वादळात आपली बाग वाचली होती आणि मी जळगावला खोलीवर शेव-भाजी खात होतो. ते पान फाडलं. क्षणबिण काही नाही, शनिवार होते, असं सरळ लिहून टाकलं. सल्लागारांनी दोन ग्लास पाणी पिऊन परवानगी दिली.

आता खरी गंमत. अर्जाला शिफारस देणारी दोन माणसं लागतात. एक कारखान्यातले साहेब. त्यांनी चांगलं लिहिलं (बहुतेक माझ्या जागी त्यांचा पुतण्या येणार आहे). दुसरा माणूस कचेरीबाहेरचा हवा, ज्यानं आपलं काम पाहिलंय असा. मी फळविक्री सोसायटीचे चेअरमन म्हणून हेमराजआबांचं नाव आणि नंबर दिला. मामा, तिथे चुकलो. हेमराजआबा आपल्या गावात आणखी कशासाठी प्रसिद्ध आहेत ते मी विसरलो. गावातल्या कुठल्याही मुलाच्या स्थळाची चौकशी आली की ती त्यांच्याकडेच येते. गेल्या तीस वर्षांत त्यांनी ज्याच्याबद्दल चांगलं सांगितलं नाही असा एकही नवरा मुलगा आपल्या गावात झाला नाही. आणि चौकशी करणारे कधी सरळ लग्नाचं नाव काढतात का? इकडून जात होतो, सहज विचारलं, असंच म्हणतात. म्हणून बंगळुरूहून एका बाईंचा फोन आला (बाई मूळच्या नागपूरच्या, त्यामुळे बोलणं मराठीत), आणि भूपेंद्रबद्दल थोडं विचारायचं होतं, कशासाठी ते तो सांगेलच, असं त्या म्हणाल्या, तेव्हा आबांची खात्रीच पटली की मुलीची आत्या बोलते आहे.

आबांनी नंतर मला मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. मी आधी त्यांना अर्जाबद्दल काही बोललो नव्हतो, कारण आबांना सांगितलेली गोष्ट सूर्य मावळायच्या आत नानांच्या कानावर जाते. बाईंनी विचारलं, मुलगा कसा आहे? आबा म्हणाले, "सुपारीचं खांड नाही बाई त्याले." जमीन किती, पाणी किती, बहीण दिलेली, आई शांत, हे सगळं न विचारता सांगून झालं. मग बाईंनी विचारलं, तो काम बदलू पाहतोय, याबद्दल तुमचं मत काय? आता लग्नाच्या बाजारात नोकरी सोडणारा मुलगा म्हणजे काय ते तुम्ही जाणता. आबा ताडकन म्हणाले, "कोन सांगतलं तुमाले? कोनीतरी वाईटावर असंन. तो मरेपर्यंत ती नोकरी सोडनार नाही, मी लिहून देतो!" बाईंनी पुढे विचारलं, त्याच्यात काही उणीव? आबा म्हणाले, उंची जराशी कमी आहे, पण मुलगीही फार उंच नसेलच ना? तिथे फोन संपला.

हे ऐकून मी ओट्यावरच बसलो. बदलासाठी अर्ज केलेल्या माणसाच्या शिफारशीत तो मरेपर्यंत बदलणार नाही असं लिहिलं गेलं होतं. आबांना मात्र मी काही बोललो नाही. माणसानं जीव तोडून आपली बाजू लावून धरली, त्याच्यावर रागवायचं कसं?

तुम्ही म्हणाल, आबांना लग्नच का सुचलं. त्यालाही कारण आहे, कारण खरंच एक स्थळ चालू होतं. पहूरची कामिनी. कृषीची पदवीधर, घरची रोपवाटिका तीच पाहते. नानांनी पाठवलेल्या माझ्या माहितीपत्रकात दुसऱ्याच ओळीत जाड अक्षरात लिहिलंय, कायमस्वरूपी नोकरी. म्हणजे मामा, एकाच महिन्यात माझी दोन पत्रकं गावोगाव फिरत होती. एकात मी बदलासाठी तळमळणारा तरुण होतो आणि दुसऱ्यात जागचा न हलणारा. खरं सांगू का? दोन्ही वाचताना मला मीच वाटायचो.

आणि नेमका ज्या रविवारी पहूरला मुलगी पाहायला जायचं ठरलं, त्याच रविवारी सकाळी अकराची मुलाखत आली, व्हिडिओवर. मी नानांना म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. नाना म्हणाले, शब्द दिलाय. मी लॅपटॉप पिशवीत घालून वर आईनं दिलेले केळीचे वेफर्स ठेवले आणि गाडीत बसलो. जामनेर गेलं तसा मी मिनिटामिनिटाला घड्याळ पाहू लागलो. पहूरला पोहोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. पोह्यांच्या ताटल्या बाहेर येत होत्या आणि मी उठून उभा राहिलो. कुठल्या तोंडानं काय सांगावं हे सुचत नव्हतं, तेवढ्यात नानांनीच परस्पर सांगून टाकलं, त्याच्या ऑफिसचा फोन असेल, रविवारीही सोडत नाहीत. (मला खोटं बोलावंच लागलं नाही. देव कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही. त्या दिवशी तो नानांच्या रूपात आला.) पहूरचे पाहुणे एकदम खूश. पोरगा टिकणारा आहे, असं कुणीतरी मागून म्हणालंसुद्धा. रेंज गच्चीवरच येते म्हणून मला वर नेण्यात आलं. तिथे रोपांचे ट्रे होते, त्यांच्या मधे खुर्ची मांडली, आणि ट्रेवर पाणी मारायचं राहिलंय म्हणून कामिनी पलीकडे झारी घेऊन उभी राहिली. मी तिला जा कसं म्हणणार? गच्ची तिची, रोपं तिची.

पडद्यावर तीन माणसं होती, त्यात त्या नागपूरच्या बाई. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला: तुमचे चेअरमन म्हणतात, तुम्ही मरेपर्यंत नोकरी सोडणार नाही, आणि उंचीचं मुलीनं मनावर घेऊ नये. यावर तुमचं म्हणणं काय? मामा, मला हसू आलं. आधी दाबलं, मग दाबवेना. मग मी सगळं खरं सांगितलं: आबा कोण, ते तीस वर्षं काय करतात, मी ह्या क्षणी कुठे बसलोय आणि खाली पोहे का गार होत आहेत. झारीचं पाणी पडायचं थांबलं होतं. बाई म्हणाल्या, मग खरं कुठलं, सोडणार की राहणार? मी म्हटलं, मॅडम, मी काही सोडत नाहीये. नळीतून पाणी केळीला जातं, मला केळीच्या पुढे जायचंय. एवढाच बदल आहे. तो कागदावर मोठा दिसावा म्हणून मी पुष्कळ धडपडलो, पण तो एवढाच आहे. मग क्रेटबद्दल विचारलं, तिथे मी सुटलोच. शेवटी बाईंनी एक चमत्कारिक प्रश्न विचारला, तुम्ही तबला का सोडलात? मी थक्क झालो, कारण तबल्याबद्दल मी अर्जात एक अक्षर लिहिलं नव्हतं. (हेही आबांनीच सांगितलं असणार. तरी बरं, कुस्तीचं सांगितलं नाही.) मी म्हटलं, हात चालत नव्हता म्हणून सोडला. त्या म्हणाल्या, मग क्रेट का सोडले नाहीत? म्हटलं, तिथे हात चालला. त्यावर तिघंही काहीतरी लिहू लागले.

लॅपटॉप मिटून मागे वळलो तर कामिनी तिथेच. मला वाटलं, संपलं, खाली जाऊन सांगणार. ती म्हणाली, "आज सांगितलंत ते बरं झालं. लोक लग्नानंतर सांगतात." मी म्हटलं, मी तुम्हाला नाही सांगितलं, त्यांना सांगितलं, तुम्ही ऐकलंत. ती म्हणाली, तेच तर. मग झारी खाली ठेवून तिनं शांतपणे एवढंच सांगितलं की तिची ना नाही, पण माझ्या घरी हे सगळं माझ्याकडून कळल्याशिवाय तिचा होकार धरू नये; तिच्या अंगणात तिचे वडील आणि माझे वडील एका गोष्टीला हो म्हणत आहेत आणि गच्चीवर दुसरीच गोष्ट चालली आहे, हे तिला चालणार नाही. मामा, मला ती तिथेच फार आवडली. हे तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही, कारण तुम्ही मामींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाची हकीकत मामींनीच मला सांगितली आहे.

परवा निकाल आला. जागा मिळाली! पण आत्ता नाही, दोन वर्षांनी. जागा राखून ठेवतो, तोवर काम करा, क्रेट वाढवा आणि मग या, असं त्यांनी कळवलंय. म्हणजे पाहा, मी नोकरी सोडतही नाही आणि बदलतोही आहे. आबाही खरे आणि मीही खरा. माझ्या बोलण्याचा त्या लोकांवर इतका परिणाम झाला की त्यांनी माझ्यासाठी दोन वर्षं थांबायचं ठरवलं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. परवापासून कारखान्यात भोकं मोजतानासुद्धा मी गुणगुणत असतो, आणि आज ही बातमी मनात नीट मुरावी म्हणून रजा घेऊन घरी आलोय. मी खरंच सुखात आहे, मामा. तुम्हाला कळवावं म्हणून हे सगळं लिहिलं, दुसरं काही कारण नाही.

मामींना पुन्हा नमस्कार. गुडघा शेकत जा.

तुमचा भाचा,
भूपेंद्र

ता. क. दुसरं कारण आहे. येत्या रविवारी पहूरची मंडळी आपल्याकडे येत आहेत. नाना त्यांच्यापुढे पुन्हा ती कायमस्वरूपी नोकरी काढणार, आणि कामिनी माझ्याकडे पाहणार. त्याआधी नानांना कळायला हवं. मी तीनदा तोंड उघडलं. एकदा त्यांनी ट्रॅक्टर चालू केला, एकदा आई आली, आणि तिसऱ्यांदा काहीच अडथळा नव्हता तरी मी बॅटरीचं पाणी तपासलंत का एवढंच विचारलं. नाना गावात कुणाचं ऐकत नाहीत, फक्त तुमचं ऐकतात. शनिवारी दुपारी मळ्यात भरीत-पुरी आहे. तुम्ही या, आणि कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असताना हळूच विषय काढा. मी तेव्हा विहिरीकडे असेन.

ता. क. दुसरा. मामींना यातलं काही सांगू नका. सांगितलंत तर पोह्यांचं सांगू नका, मी परत खाली आल्यावर दोन ताटल्या खाल्ल्या होत्या.

ता. क. तिसरा. (हे अक्षर भूपेंद्रचं नाही.) जीवरामभाऊ, नमस्कार. मी भाईदास, याचा नाना, लिहितो. तळाची दोन वांगी किडकी वाटली म्हणून पिशवी रिकामी केली, तर हे निघालं. वाचाले नको होतं, पण वाचलं. त्या बाईचा फोन आला त्याच दिवशी हेमराज माझ्याकडे आला होता. म्हणे, मुलीवाले उणीव अशी सरळ विचारत नाहीत, काहीतरी वेगळं हाये. मग त्याच्याच फोनवरून मी त्या बाईले फोन लावला. त्यांना सांगतलं की हेमराज लग्नाचं बोलला, मी बापाचं बोलतो. पोरानं कुस्ती सोडली, तबला सोडला, पण क्रेट दोन हंगाम सोडले नाहीत, मी रागावलो तरी सोडले नाहीत. कुस्तीचं त्याच्यापुढे काढू नका, असं बाईले मीच म्हटलं. शेवटी म्हटलं, घड भरल्याशिवाय आम्ही कापत नाही, याले दोन वर्षं अजून झाडावर राहू द्या, मग खुशाल न्या. त्या हसल्या, आणि विचार करतो म्हणाल्या. पहूरले ऑफिसचा फोन हाये हे मी जाणूनबुजून म्हटलं, ते त्यानं लिहिलंच हाये. कायमस्वरूपी नोकरीचंही पहूरवाल्यायले मी मंगळवारीच फोनवर सांगून टाकलं. ते म्हणाले, आमच्या पोरीनं आम्हाले आधीच सांगतलं.

तेव्हापासून मी रोज वाट पाहू राह्यलो की तो आज सांगंन, उद्या सांगंन. त्यानं सांगतलं ते तुम्हाले, धुळ्याले, वांग्याच्या खाली घालून. वाईट वाटलं, खोटं कशाले बोलू. पण मीही माझ्या बापाले काही सांगत नव्हतो.

तुम्ही शनिवारी नक्की येजा, वहिनींनाही आणजा. पण तुम्ही काही बोलू नका, आणि मी हे वाचलं हे त्याले कळू देऊ नका. त्याले माझ्याजवळ काड्या लावाले बसवजा आणि विहिरीकडे तुम्ही जाजा. मी थोडा रागावीन, तेवढं राहू द्या. आणि वांगी उतरवेपर्यंत त्यानं नाहीच सांगतलं, तर मग मीच त्याले विचारीन, बंगळुरूले थंडी किती असते.